जपानी क्रीडापटांतील नायक नेमका कशाने ठरतो?

पाणकणीस

सुरुवातीलाच सांगते की या धाग्यात अनेक चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचे असतील त्यांनी आधी चित्रपट पाहावेत आणि मग इथे यावे. धागा कुठे जाणार नाही.

ताकेहिको इनोउए यांची 'स्लॅम डंक' ही बास्केटबॉलवरची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९० ते १९९६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा नायक कोण याविषयी वाचकांना शंका नव्हती. लाल केसांचा, भांडखोर, एका मुलीवर छाप पाडण्यासाठी बास्केटबॉलच्या संघात शिरलेला हानामिची साकुरागी हाच तो नायक. डिसेंबर २०२२ मध्ये इनोउए यांनी स्वतः लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'द फर्स्ट स्लॅम डंक' जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्यातही सामना तोच आहे, साकुरागीची शाळा शोहोकु विरुद्ध सान्नो, आणि शेवटचा गुणफलकही तोच आहे, ७९-७८. साकुरागीही तिथेच आहे आणि शेवटचा निर्णायक चेंडू तोच टाकतो. तरीही चित्रपट त्याचा राहिलेला नाही. तो र्‍योता मियागीचा झाला आहे, म्हणजे संघातल्या पाच जणांमधल्या सर्वांत बुटक्या मुलाचा, ज्याच्याविषयी मूळ मांगेत इतरांच्या मानाने फारच थोडे सांगितले होते.

चित्रपट संपल्यावर मला पडलेला प्रश्न असा, की सामन्यातली एकही महत्त्वाची घटना न बदलता नायक बदलता येत असेल, तर नायकत्व घटनेत नसते हे उघड आहे. मग ते कुठे असते?

भाषेपासून सुरुवात करते, कारण पुण्यात जपानी शिकत असताना हा शब्द मला पहिल्यांदा अडला होता. कथेतल्या मुख्य पात्राला जपानीत 'शुजिनको' म्हणतात. त्यातल्या 'शुजिन' या भागाचा अर्थ घरधनी. म्हणजे ज्याच्या घरात बसून आपण ही गोष्ट ऐकतो आहोत तो. आपला 'नायक' हा शब्द 'नी' या धातूपासून आला आहे, म्हणजे नेणारा, पुढे चालणारा. आणि संस्कृत नाट्यशास्त्राने त्याचे धीरोदात्त, धीरललित असे प्रकारही करून ठेवले आहेत, जे सगळे त्याच्या स्वभावावरून ठरतात. जपानी बोलण्यात याखेरीज 'हीरो' हा उसना शब्दही सर्रास वापरला जातो आणि तो शुजिनकोपासून वेगळा ठेवला जातो. घरधनी एक आणि हीरो दुसराच, असे एकाच कथेत होऊ शकते.

ते कसे होते हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते फुमिहिको सोरी यांच्या 'पिंग पाँग' या २००२ च्या चित्रपटात. तो ताइयो मात्सुमोतो यांच्या मांगेवर आधारलेला आहे. त्सुकिमोतो नावाचा, कधीच न हसणारा आणि म्हणूनच 'स्माइल' म्हणून ओळखला जाणारा मुलगा लहानपणी इतर मुलांच्या छळाला बळी पडत असे. त्याचा मित्र पेको त्याला सांगून ठेवतो, की संकटात सापडलास तर मनातल्या मनात तीन वेळा हाक मार, 'हीरो अवतरला, हीरो अवतरला, हीरो अवतरला', आणि मी येईन. पुढे दोघेही टेबल टेनिस खेळतात. स्माइल पेकोपेक्षा पुढे निघून जातो, पण जिंकण्यात त्याला रस नसतो. पेको हरतो, खेळ सोडतो, खाऊ चघळत दिवस काढतो. या साऱ्या काळात स्माइल काय करत असतो, तर वाट पाहत असतो. त्याला जेतेपद नको आहे, त्याला हाकेला धावून येणारा तो मुलगा परत हवा आहे.

यावरून माझे म्हणणे असे आहे, की जपानी क्रीडापटातला नायक त्याच्या पराक्रमाने ठरत नाही आणि केवळ मेहनतीनेही ठरत नाही. तो ठरतो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट पाहण्याने. कुणीतरी आधी हाक मारलेली असते आणि पुष्कळदा ती हाक प्रतिस्पर्ध्याची असते. त्या हाकेला जो पोहोचतो तो हीरो. पेको अंतिम फेरीपर्यंत पोहोचतो त्याआधी उपांत्य सामन्यात त्याची गाठ काझामाशी पडते. काझामा हा त्या भागातला सर्वांत बलाढ्य खेळाडू, आणि तो सामन्यापूर्वी शौचालयात स्वतःला कोंडून घेऊन बसतो, कारण जिंकणे हे त्याच्यासाठी ओझे झाले आहे. गुडघा दुखावलेला पेको त्याच्याशी असे काही खेळतो की त्या सामन्यात काझामाला खेळण्याचा आनंद पुन्हा सापडतो. तो हरतो, पण कोंडलेल्या जागेतून बाहेर येतो. अंतिम सामन्याच्या निकालावर चित्रपट फारसा रेंगाळत नाही, आणि ते मला योग्य वाटते. पेको तिथवर आला, इतक्यातच गोष्ट पूर्ण झालेली असते.

र्‍योताकडे परत येते. ओकिनावात वाढलेल्या या मुलाला बास्केटबॉल शिकवणारा त्याचा थोरला भाऊ सोता समुद्रावर गेला तो परतलाच नाही. दोघांचा वाढदिवस एकच, म्हणून दर वर्षी घरातल्या केकवर दोघांची सावली पडते. र्‍योता भावाचा सात क्रमांक आणि भावाचा मनगटपट्टा घालून खेळतो. सान्नोशी सामना होण्याच्या आदल्या रात्री तो आईला पत्र लिहायला बसतो. पहिल्या मसुद्यात तो, भावाऐवजी आपण जिवंत राहिलो याबद्दल क्षमा मागतो, तो कागद टाकून देतो आणि दुसरा लिहितो. त्याला हाक मारणारा माणूस हयात नाही, आणि दुसरी जी हाक त्याला ऐकू यायला हवी ती आईच्या तोंडून कधी फुटत नाही. तरीही ती सामन्याला येऊन प्रेक्षकांत बसते. सान्नोच्या कडेकोट बचावाने, खेळाडूंनी संपूर्ण मैदानभर घेरून केलेल्या कोंडीने, शोहोकु वीसहून अधिक गुणांनी मागे पडलेला असताना त्या कोंडीतून चेंडू घेऊन वाट काढणारा र्‍योता असतो, आणि त्या क्षणी आपल्याला त्याची कथा माहीत असल्यामुळे तो सामना त्याचा होतो.

हे माझे मत झाले. ज्यांनी हे चित्रपट पाहिले आहेत त्यांचे मत वेगळे असेल तर ते सविस्तर वाचायला आवडेल.

दगडफूल

धागा मनापासून आवडला, परंतु मुख्य प्रतिपादन मला पूर्णपणे पटलेले नाही. हाक, वाट पाहणे या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते नायक त्याच्या टिकून राहण्याने ठरतो, आणि हे टिकून राहणे पाहणारे कुणीही नसले तरी चालते.

मासायुकी सुओ यांचा १९९२ चा 'शिको फुन्ज्यात्ता' हा चित्रपट माझ्या डोळ्यांसमोर आहे. जपान अकादमीचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला होता. शुहेई हा विद्यार्थी वर्गात कधी गेलेला नसतो. पदवीसाठी लागणारे गुण प्राध्यापकांकडून मिळावेत म्हणून तो महाविद्यालयाच्या मोडकळीला आलेल्या सूमो मंडळात नाव घालतो. स्पर्धेत सगळे दारुण हरतात, नंतरच्या मेजवानीत माजी खेळाडू त्यांचा पाणउतारा करतात आणि तो रागाच्या भरात जिंकून दाखवण्याचे कबूल करून बसतो. तिथवरची गोष्ट कुठल्याही देशातली असू शकली असती. मला महत्त्वाचा वाटतो तो शेवट. संघ जिंकलेला आहे, एकेक मित्र आपापल्या वाटेने निघून गेला आहे, शुहेईला नोकरी मिळालेली आहे. आणि तो ती नोकरी सोडून त्या रिकाम्या आखाड्यात एकटा उरतो आणि शिको घालू लागतो. शिको म्हणजे एक पाय बाजूला उंच उचलून तो जमिनीवर आपटण्याची सूमोतली मूळ कसरत, आपल्या तालमीतल्या जोर-बैठकांइतकी प्राथमिक. त्याला तिथे कुणी बोलावलेले नाही. स्पर्धा संपली आहे आणि वचनही फेडून झाले आहे.

हे मी चित्रपटांवरूनच म्हणत नाही. आम्ही काही वर्षे ओसाकाजवळ राहत होतो आणि मुलगा तिथल्या शाळेत व्हॉलीबॉलच्या 'बुकात्सु'मध्ये, म्हणजे शाळेनंतरच्या क्रीडामंडळात होता. तिथे तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मुले मंडळातून निवृत्त होतात आणि त्या निवृत्तीला शब्दही तोच आहे जो मोठमोठ्या खेळाडूंसाठी वापरतात, 'इन्ताइ'. मुलाच्या मंडळात एक असा विद्यार्थी होता जो तीन वर्षांत एकाही अधिकृत सामन्यात उतरला नव्हता. तो चेंडू गोळा करत असे, जाळे बांधत असे, सामन्याच्या दिवशी वरच्या सज्जात उभा राहून घोषणांचे नेतृत्व करत असे. शेवटच्या दिवशी कर्णधार बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने पहिले नाव या मुलाचे घेतले आणि त्याला पुढचे वाक्य पूर्ण करता आले नाही. त्या दिवसापासून जपानी क्रीडापट पाहताना मी राखीव खेळाडूंच्या बाकाकडे आधी पाहतो.

पाणकणीस

@दगडफूल, तुमच्या मुलाच्या मंडळातला प्रसंग वाचून काही वेळ पुढे काही सुचले नाही. पण एक विचारू का? तो विद्यार्थी तीन वर्षे टिकला ही एक गोष्ट, आणि कर्णधाराने त्याचे नाव पहिले घेतले ही दुसरी. तुम्ही हा प्रसंग सांगितलात तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. त्याचे टिकून राहणे कुणीतरी पाहिले होते, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

दगडफूल

हे मान्य. परंतु कर्णधार बोलला नसता तरी तो मुलगा तोच राहिला असता, आणि माझा आग्रह तेवढाच आहे.

भिंगरी

शो मियाके यांच्या २०२२ च्या 'केइको, मे ओ सुमासेते' या चित्रपटाचा उल्लेख अजून कसा आला नाही? एका खऱ्या कर्णबधिर मुष्टियोद्ध्या स्त्रीच्या आत्मकथेवरून तो सुचलेला आहे आणि सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केला आहे. युकिनो किशिइ यांनी केइकोचे काम केले आहे.

या धाग्यासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण यातल्या नायिकेला हाक ऐकूच येत नाही. घंटा, पंचांचा आवाज, कोपऱ्यातून प्रशिक्षक ओरडून देत असलेल्या सूचना, यांपैकी काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. साथीच्या काळामुळे सगळ्यांच्या तोंडावर मुखपट्ट्या आहेत, त्यामुळे ओठ वाचण्याचीही सोय उरलेली नाही. ती हॉटेलात साफसफाईचे काम करते, पहाटे धावते, रोजच्या सरावाची नोंद वहीत लिहिते. तिची व्यायामशाळा बंद पडणार आहे आणि तिथल्या वृद्ध संचालकांची दृष्टी व तब्येत ढासळत चालली आहे. शेवटच्या सामन्यात ती हरते. काही दिवसांनी नदीच्या काठावर ती बसलेली असताना तिची प्रतिस्पर्धी, मजुरीच्या कामाच्या कपड्यांत, चेहऱ्यावर त्याच सामन्यातले वळ घेऊन, समोर येते, सामन्याबद्दल आभार मानते, वाकून नमस्कार करते आणि कामावर निघून जाते. केइकोच्या चेहऱ्यावर त्यानंतर जे काही हलते ते लिहून सांगता येण्यासारखे नाही. मग ती उठते आणि बांध चढून धावू लागते.

आतापर्यंत तिला वाटत होते की आपण एकटीच कष्टाची नोकरी सांभाळून ठोसे खात आहोत. जिने आपल्याला हरवले तिचेही तसेच आहे, हे तिला त्या एका नमस्कारात कळले, असे मला वाटते.

माळरान

आतापर्यंतची चर्चा सुंदर आहे, परंतु तिच्यात एका अंधाऱ्या बाजूचा उल्लेख झाला नाही आणि तो केल्याशिवाय हा विषय पुढे नेऊ नये असे मला तीव्रतेने वाटते.

हाकेने नायक घडतो असे पाणकणीस म्हणतात. मग हाक मारणारा एक मित्र नसून संपूर्ण देश असेल तर काय होते? १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने २३ ऑक्टोबर रोजी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या संघातल्या बहुतेक मुली एका कापडगिरणीच्या संघातल्या होत्या, दिवसभर नोकरी करून रात्री उशिरापर्यंत सराव करत होत्या, आणि त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांच्या कठोरपणाच्या कथा देशभर कौतुकाने सांगितल्या जात होत्या. पुढच्या दशकात मांगा आणि चित्रपटांत 'सुपोकोन' या नावाचा जो प्रवाह आला, म्हणजे खेळ आणि 'कोन्जो' यांचा संयोग, त्याला हेच वातावरण पोषक ठरले. कोन्जो म्हणजे दात ओठ खाऊन सहन करण्याची जिद्द. त्या प्रवाहातले नायक रक्तबंबाळ होतात, बाप मुलाला छळतो, प्रशिक्षक शिष्याला तुडवतो, आणि हे सगळे नायकत्वाचे मोल म्हणून दाखवले जाते.

त्याच ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकावर राष्ट्रीय स्टेडियममध्ये शिरले आणि शेवटच्या फेरीत ब्रिटनच्या बेसिल हीटली यांनी त्यांना मागे टाकले. त्सुबुरायांना कांस्यपदक मिळाले. ॲथलेटिक्समध्ये जपानला त्या स्पर्धेत मिळालेले ते एकमेव पदक होते, पण ते देशाची क्षमा मागत राहिले आणि जानेवारी १९६८ मध्ये, पुढच्या ऑलिंपिकच्या वर्षी, त्यांनी आपले आयुष्य संपवले. मागे राहिलेल्या चिठ्ठीत, आपण पूर्ण थकलो असून आता धावू शकत नाही, असे त्यांनी लिहिले होते. देशाने हाक मारली आणि ते पोहोचले, एवढेच नव्हे, पदक घेऊन पोहोचले. तरीही ती हाक थांबली नाही.

कोन इचिकावा यांनी या ऑलिंपिकवर केलेला १९६५ चा माहितीपट आवर्जून पाहावा. तो पाहून शासनातल्या काही मंडळींनी नाराजी व्यक्त केली आणि ही नोंद आहे की कलाकृती असा मोठा वाद झाला, कारण इचिकावांचा कॅमेरा विजयी देशबांधवांवर स्थिरावत नव्हता. महिला संघ जिंकून जल्लोष करत असताना तो दाइमात्सुंना शोधून काढतो. ते एकटे, बाजूला, काही हरवल्यासारखे उभे आहेत. नव्याने स्वतंत्र झालेल्या चाड देशातून आलेल्या आहमद इसा या धावपटूसोबत तो बराच वेळ घालवतो. इसा यांना पदक मिळत नाही. त्यांच्या भाषेत बोलणारे आसपास कुणी नाही आणि ते भोजनगृहात एकटेच जेवत आहेत. राष्ट्राने मागितलेला नायक न देता इचिकावांनी हा माणूस दिला.

कवडसा

@माळरान, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत आवश्यक प्रतिसाद आहे. त्याला जोडून थोडे लिहितो.

सामान्यतः असे सांगितले जाते की जपानी माणसाला पराभूताविषयी ओढ आहे. बाराव्या शतकातला पराक्रमी पण सावत्र भावाकडूनच संपवला गेलेला योद्धा योशित्सुने याच्या पदवीवरून तिथे 'होगान-बिइकी' असा शब्दच आहे, होगानची बाजू घेणे. उन्हाळ्यात कोशिएनच्या मैदानावर शालेय बेसबॉलची स्पर्धा होते तेव्हा हरलेल्या संघातली मुले मैदानातली माती पिशव्यांत भरून नेतात आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा जिंकलेल्यांइतकाच त्यांच्यावर असतो. परंतु पराभवाविषयीच्या या ममत्वाने नायकत्वाचा प्रश्न सुटत नाही, कारण हरणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले सगळे आपल्या लक्षात राहत नाहीत.

'पिंग पाँग'मधल्या अकुमाचे उदाहरण घ्या. पेको आणि स्माइल यांच्यासोबत लहानपणी खेळलेला, दृष्टी अधू असलेला हा मुलगा काझामाच्या शाळेत जाऊन अमाप मेहनत करतो. स्माइलकडून हरल्यावर तो आक्रोश करतो, की मी तुझ्या दसपट सराव केला, रात्रंदिवस याच खेळाचा विचार केला, मग मीच का हरतो? स्माइल शांतपणे सांगतो की तुझ्यात या खेळाची प्रतिभा नाही. सुपोकोनच्या परंपरेत हे वाक्य उच्चारलेच जाऊ शकले नसते. तिथे प्रत्येक रक्ताच्या थेंबाचा हिशेब शेवटी चुकता होतो. इथे होत नाही. अकुमा खेळातून बाहेर फेकला जातो. आणि मग हाच अकुमा, खेळ सोडून भटकणाऱ्या पेकोला गाठून, तू खेळत राहा म्हणून सांगतो. पेको पुलावरून नदीत उडी टाकतो आणि त्यानंतर परत खेळाकडे वळतो.

स्माइलने लहानपणापासून जी हाक मारली ती पेकोपर्यंत पोहोचवली कुणी? ज्याच्यात प्रतिभा नव्हती त्याने. पाणकणीस यांच्या मांडणीत मला हा निरोप्या हवा आहे. तुम्ही हाक मारणारा आणि धावून येणारा अशी दोनच माणसे धरली आहेत.

भिंगरी

निरोप्या हा शब्द फार योग्य सापडला. दगडफूल यांच्या गोष्टीतला सज्जात उभा राहणारा मुलगाही तोच आहे.

पाणकणीस

सर्वांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. माझ्या मूळ मांडणीत दुरुस्ती करावी लागेल हे मला मान्य आहे.

@माळरान, त्सुबुराया यांचा उल्लेख आल्यावर माझे पहिले लिखाण मला अपुरे वाटू लागले. कोणत्याही हाकेने नायक घडतो असे म्हणणे धोक्याचे आहे. पण याच चित्रपटांकडे परत पाहिले तर असे दिसते की त्यांतल्या चांगल्या चित्रपटांनी हा धोका ओळखलेला आहे. काझामाला हाक मारणारी त्याची शाळा आहे, तिची कीर्ती आहे, आणि ती हाक त्याला शौचालयात कोंडते. स्माइलची हाक मात्र मनातल्या मनात मारलेली आहे, ती कुणाच्या कानावर पडत नाही, आणि त्या हाकेत जिंकून ये अशी अट नाही. इथे मला मासाहारु ताके यांचा २०१४ चा 'ह्याकुएन नो कोइ' आठवला. बत्तीस वर्षांची, घरात पडून राहणारी इचिको मुष्टियुद्धाकडे वळते त्याचे कारण ती स्वतः सांगते. दोन मुष्टियोद्धे एकमेकांना मारमार मारतात आणि सामना संपल्यावर एकमेकांच्या खांद्यावर थोपटतात, ते तिने पाहिलेले असते आणि तिला ते हवे असते. साकुरा आंदो यांनी ते काम ज्या ताकदीने केले आहे त्यासाठी तरी तो चित्रपट पाहावा. इचिको हरते. नंतर रडत रडत म्हणते, की एकदा तरी जिंकायचे होते. पण ज्या खांद्यासाठी ती आली होती तिथवर ती पोहोचते.

@कवडसा, निरोप्या मान्य. @दगडफूल, तुमचा शुहेई मात्र माझ्या मांडणीत अजूनही बसत नाही आणि तो बसवण्याचा अट्टहास मी करणार नाही.

एक गोष्ट मात्र हा धागा लिहिताना सुचली नव्हती, ती आता लिहिते. अकिरा कुरोसावा यांचा पहिला चित्रपट 'सुगाता सानशिरो' हा १९४३ चा, युद्धकाळातला, ज्युदोच्या आरंभकाळावरचा. गुरूंनी रागावल्यावर रात्रभर तळ्यात एका खुंटाला धरून उभा राहिलेला सानशिरो पहाटेच्या आधी उमललेले कमळ पाहतो, हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला त्यापुढचा आठवतो. सानशिरोला जुजुत्सु या जुन्या कुस्तीविद्येचे वयस्क शिक्षक मुराई यांच्याशी लढायचे आहे. देवळात एक मुलगी रोज एकाग्र होऊन प्रार्थना करताना त्याला दिसते. ती मुराई यांची मुलगी सायो आहे आणि वडिलांच्या विजयासाठी ती देवाला साकडे घालते आहे, हे त्याला कळते, आणि त्याचे बळच जाते. दुसऱ्याची प्रार्थना पाहिल्यावर आपण जिंकायचे कसे? तो लढतो, जिंकतो, आणि नंतर हरलेले मुराई त्याला आपल्या घरी प्रेमाने बसवून घेतात.

आता 'द फर्स्ट स्लॅम डंक' पाहा. सान्नोचा सर्वोत्तम खेळाडू सावाकिता सामन्यापूर्वी देवळात जातो. शालेय बास्केटबॉलमध्ये जे सिद्ध करायचे ते त्याने केले आहे, आणि तो देवाकडे मागतो ते इतकेच, की मला आवश्यक असा एखादा अनुभव असेल तर तो मला दे.

दोन्ही प्रार्थना नायकाच्या समोरच्या बाजूने केलेल्या आहेत. सायोची प्रार्थना सानशिरोला कळली. सावाकिताची प्रार्थना र्‍योताला कधीच कळत नाही, ती फक्त आपण ऐकलेली असते.

दगडफूल

सावाकिताच्या देवळातल्या प्रसंगाकडे मी या दृष्टीने पाहिलेच नव्हते. काल रात्री तेवढा भाग पुन्हा लावून पाहिला. शेवटच्या सेकंदांत सगळा आवाज काढून घेतलेला आहे. फक्त धावणारे पाय आणि उडणारा चेंडू. मग साकुरागी आणि त्याच्याच संघातला रुकावा यांच्या हातांची टाळी. त्यानंतर सावाकिता मार्गिकेतून चालत जातो आणि एकदम कोसळतो, हुंदके देऊन रडू लागतो. ते रडणे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला पराभवाचे वाटले होते. काल पाहताना लक्षात आले की त्याला त्या वेळी स्वतःचीच प्रार्थना आठवलेली असणार.

आणि शेवटचे दृश्य. अमेरिकेतले एक मैदान, दोन वेगळे संघ, सामना सुरू होण्याआधी र्‍योता आणि सावाकिता समोरासमोर येतात. र्‍योता अजूनही सगळ्यांत बुटका आहे. सावाकिताने त्याला आधीच ओळखलेले आहे.